घरचे नको म्हणतात

बुधवार, ८ जानेवारी

उजव्या हाताने लिहितोय. डावा गळ्यात अडकवलाय. कॉलरबोन मोडलं. प्लास्टर नाही, नुसता पट्टा. विशेष काही नाही.

झालं ते ताजं असतानाच लिहून ठेवतो. क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये इतकी वर्षं काढली, रेकॉर्ड नसेल तर घटना घडलीच नाही असं मी सप्लायर लोकांना दम देऊन सांगतो. तर, जनरल शिफ्ट सुटली. चाकणहून चिखलीला घरी येत होतो. चिंबळी फाट्याच्या अलीकडे टँकरने पाणी सांडून ठेवलेलं. स्पीड वीस-पंचवीस. चाक सटकलं, मी आडवा. मागून कंटेनर येत होता, तो थांबला. त्याचं चाक माझ्या हेल्मेटपासून वीतभर. चाकाचे नट दिसत होते, एका नटाला गंज होता. ड्रायव्हर खाली उतरला, आधी आईवरून शिवी दिली, मग रस्त्यावरच फतकल मारून रडायला लागला. मीच त्याला माझ्या बाटलीतलं पाणी पाजलं. एवढंच.

घाबरलो वगैरे नाही. हात थरथरत होते ते थंडीने. जानेवारी आहे.

संकल्प: सहा आठवड्यांत परत गाडीवर. सातव्या आठवड्यात बाईक ग्रुपबरोबर माळशेज घाट. साडेतीनशे सीसीची गाडी काय पार्किंगमध्ये पूजेला ठेवायला घेतली?

बायको, श्रद्धा, हॉस्पिटलात आली. लॅबमधून तशीच, गळ्यात आयकार्ड. गाडीचं नावसुद्धा काढलं नाही. उद्या फुटणार. मी तयारीत आहे.

गुरुवार, ९ जानेवारी. कंपनीला सुट्टी

श्रद्धा फुटली नाही. चहात आलं टाकू का विचारलं.

पडून पडून कंटाळलो म्हणून अपघाताचं व्हाय-व्हाय करायला घेतलं. आमच्याकडे पार्ट रिजेक्ट झाला की पाच वेळा 'का' विचारतात, म्हणजे मुळाशी पोचता येतं. सप्लायरने तिथे 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' लिहिलं की मी रिपोर्ट लाल पेनाने परत पाठवतो. माणसावर ढकलून विषय मिटवायचा नाही, हे माझं वाक्य सगळ्या चाकणला पाठ आहे.

का पडलो? चाक सटकलं. का सटकलं? पाणी. पाणी का? टँकर गळत होता. का गळत होता? कोणी दुरुस्त करत नाही. का करत नाही? कोणी विचारत नाही. मूळ कारण: शासन.

मध्येच एक फांदी फुटत होती, की ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक करकचून का दाबला. ती खोडली. मुख्य मुद्द्यावरून लक्ष उडत होतं.

सोमवार, १३ जानेवारी

अण्णा आपल्या खोलीतून बाहेर येऊन एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरून बघत बसले. वडिलांना वैद्यकातलं काही कळत नाही, पिंपरीच्या कारखान्यात उभी हयात लेथवर गेली. बघून झाल्यावर म्हणाले, बारीक आहे, जोडलं की चालव परत.

मी म्हणालो, अण्णा, तुम्हाला काळजी नाही वाटत? म्हणाले, मी स्कूटरवरून मोरवाडीत पडलो, निगडीत पडलो, एकदा पुढे गॅसचं सिलेंडर घेऊन पडलो, सिलेंडर माझ्याआधी घरी पोचलं. आणि हसले. बराच वेळ हसले.

बाप म्हणून माणसाची काही जबाबदारी असते. पोरा, बस झालं आता, एवढं म्हणायला काय जातं? मी ऐकलं नसतंच. पण म्हणायची एक पद्धत असते.

सोमवार, २० जानेवारी

पट्टा बांधून कामावर. कंपनीच्या बसने. आयुष्यात पहिल्यांदा.

बसमध्ये सीटवर नाव नसतं पण सीट ज्याची त्याचीच असते. मी तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलो. मोशीला अकाउंट्सचे एक गृहस्थ चढले आणि माझ्याकडे असं बघत राहिले की मी त्यांच्या पलंगावर झोपलोय. उठलो. मागच्या चाकावर जाऊन बसलो. प्रत्येक खड्ड्याला कॉलरबोन नव्याने मोडलं.

लोकांनी विचारलं, काय झालं. नुसतं पाणी म्हटलं तर तोंडं पडायला लागली, म्हणून कुत्रं घातलं. चहाच्या सुट्टीपर्यंत कंटेनरने ओव्हरटेक केला होता. संध्याकाळी मी स्वतःला वाचवायला मुद्दाम गाडी आडवी केली होती. तसं बघितलं तर केलीच होती.

परतीच्या बसमध्ये रोहिदास शेजारी येऊन बसला. हा प्रेस शॉपचा, आमच्या बाईक ग्रुपचा ॲडमिन. म्हणाला, रत्नभाऊ, सत्तावीस फेब्रुवारीला गुरुवार आहे, माळशेज फिक्स. तू पुढे, आम्ही मागे. मी 'येतो' म्हणायला तोंड उघडलं आणि आतून निघालं, घरचे नको म्हणतात.

काय परिणाम झाला! सगळी बस हळहळली. मागून कोणीतरी म्हणालं, बरोबर आहे, घरच्यांचं ऐकावं भावा. अकाउंट्सवाल्यांनी उठून खिडकी दिली. रोहिदासने पाठीवर थोपटलं, नेमकं डावीकडे.

खोटं काही बोललो नाही. घरचे नको म्हणणारच आहेत. मी फक्त आधी सांगून टाकलं.

रविवार, २६ जानेवारी

सोसायटीत झेंडावंदन. श्रद्धाला रविवारची सुट्टी, मला गुरुवारची, त्यामुळे नवराबायको घरी एकत्र असण्याचा योग दुर्मीळ. (आज हक्काची रजा.) तो सत्कारणी लावायचं ठरवलं. आज तिच्या तोंडून 'नको' काढायचंच.

प्रयत्न एक. अपघाताच्या बातम्या मोठ्याने वाचल्या. च्च म्हणाली आणि पुरवणी मागितली.

प्रयत्न दोन. हेल्मेट डायनिंग टेबलावर, खरचटलेली बाजू तिच्याकडे. दुपारी जाऊन बघितलं तर त्यात कांदे.

प्रयत्न तीन. पोळ्या करत होती, तिथे जाऊन सरळ विचारलं, गाडीचं काय करू या? लाटणं थांबलं. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, तुझी गाडी, तू ठरव. आणि तेसुद्धा चांगल्या सुरात. टोमणा असता तर मी धरून बसलो असतो. चांगल्या सुराला काय धरणार? त्या रोहिदासच्या बायकोने एकदा त्याच्या गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली होती. दोन महिने. याला म्हणतात संसार.

जाता जाता म्हणाली, रात्री लाथ का मारतोस? म्हणे झोपेत मी उजवा पाय एकदम जोरात दाबतो, तिच्या नडगीवर. रोज. व्हिटॅमिन कमी असणार. बी-ट्वेल्व्ह.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

झिशानचा फोन. गाडी तयार आहे, न्या. त्याचं गॅरेज आमच्यापासून दोन चौकांवर. मी म्हणालो, हात अजून पट्ट्यात आहे, बघून जातो. गेलो. बघितल्याबरोबर माझ्या लक्षात आलं की हँडल डावीकडे ओढतंय. झिशानने माझ्यासमोर गाडी काढली, दोन्ही हात सोडून सरळ चालवत नेली, वर एक हात हलवून टाटा केलं. मी म्हणालो, तरी पण. मग मी आवाज काढला. म्हणजे आवाज येतोय असं म्हटलं. मग आरसा. झिशान म्हणाला, रत्नभाई, जागा अडते हो.

निघताना चहावाल्याने सांगितलं, झिशानचा माणूस रोज तुमच्याच गाडीवरून चहा न्यायला येतो. परत गेलो, कडक शब्दांत समज दिली. माझं पेट्रोल जाळता? झिशानने कानाला हात लावला. म्हणाला, न्याल त्या दिवशी टाकी फुल करून देतो.

एकंदरीत गाडीत अजून काम आहे. घाई करण्यात अर्थ नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

डॉक्टर. हाड जुळलं. पट्टा गेला.

मी स्पष्ट विचारलं, डॉक्टर, लपवू नका, गाडी कायमची बंद ना? माझ्या मनाची तयारी आहे. डॉक्टर म्हणाले, छे हो, खांद्याचे व्यायाम करा आणि काळजी घेऊन चालवा. मी म्हणालो, निदान 'शक्यतो टाळावे' एवढं तरी लिहून द्या. म्हणाले, कशाला? मग कोणती गाडी, ॲव्हरेज किती देते, असल्या चौकशा. स्वतः चालवतो म्हणे, शनिवारी लवासाला जातो. असल्या माणसाकडे पेशंट काय भरवशावर जातात कोण जाणे. शेवटी बी-ट्वेल्व्ह लिहून दिलं, तेही मी मागितलं म्हणून.

संकल्प: उद्या सुट्टी. उद्या गाडी आणणार. डोक्यात काहीही नाही. एकदम क्लिअर.

गुरुवार, २० फेब्रुवारी

गाडी घरी आली.

तपशील. सकाळी गॅरेजमध्ये गेलो. झिशानने शब्द पाळला, टाकी काठोकाठ भरलेली. बटण मारून दिलं, बसलो, गिअर टाकला, गल्लीच्या तोंडाशी आलो. समोरून कंटेनर गेला. हॉर्न देऊन. त्याला हॉर्न द्यायचं काही कारण नव्हतं. उतरलो, इंजिन बंद केलं आणि थंड डोक्याने विचार केला. इतके दिवस गाडी उभी, चेन कोरडी असणार, कोरड्या चेनवर चालवणं बरोबर नाही. शिवाय डॉक्टरांनी खांद्याला व्यायाम सांगितलाय. ढकलत न्यायची.

पहिल्याच चौकात एक स्कूटरवाला थांबला. पेट्रोल संपलं का भाऊ? कशाला समजावत बसा, हो म्हणालो. म्हणाला, बसा, पाय लावतो. मी नको नको म्हणतोय, तो म्हणतोय लाजताय काय राव, परवा मलापण एकाने असंच सोडलं. लोक बघायला लागले. बसलो. त्याने स्कूटरवरून माझ्या मागच्या फूटरेस्टला पाय लावला आणि दिली ढकलून. स्पाइन रोडला. अरे, किती जोरात! मागून हा ओरडतोय, ब्रेक सोडा की. मी ओरडतोय, सोडलाय. सोडला नव्हता. सुटतच नव्हता. शेजारून बस गेली, तिच्या खिडकीतली एक बाई माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली, बहुतेक देवाचं नाव.

पंपावर पोचलो. मला वाटलं आता जाईल. तर म्हणाला, भरून होऊ द्या, मग जातो. मोठा सज्जन माणूस. पंपवाल्याने झाकण उघडलं. आत बघितलं. माझ्याकडे बघितलं. स्कूटरवाल्यानेही वाकून बघितलं. मी म्हणालो, काटा चुकीचा दाखवतोय, फ्लोट खराब असेल. स्कूटरवाला म्हणाला, किल्ली फिरवा बघू. फिरवली. बटण दाबलं. एका झटक्यात चालू.

त्याने स्कूटर स्टँडला लावली. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, भाऊ, घरी सगळं ठीक आहे ना?

पंपापासून घरापर्यंत मागच्या रस्त्याने ढकलत आणली. दोन ठिकाणी बसून. गाडी पार्किंगमध्ये आहे, वर कव्हर घातलंय. संकल्प अंशतः पूर्ण.

शनिवार, २२ फेब्रुवारी

रोहिदासला सांगितलं, माळशेजला जमणार नाही, घरचे ऐकत नाहीत. दुपारी सेफ्टी ऑफिसर उद्धवराव माझ्या टेबलाशी. डोळ्यांत पाणी. म्हणाले, ओव्हाळ, मला रोहिदासने सगळं सांगितलं. चार मार्चपासून सुरक्षा सप्ताह. दरवर्षी तेच ते, घोषवाक्य स्पर्धा, शपथ, आग विझवायचं प्रात्यक्षिक. यंदा थीम आहे 'सुरक्षेची सुरुवात घरातून', आणि मला जिवंत उदाहरण पाहिजे होतं. तुम्ही हो म्हणा.

मी हो म्हणालो. जिवंत उदाहरण म्हणजे मीच. शाल, बुके, चार शब्द. भाषण सुरू केलं आहे. पहिलं वाक्य: मित्रांनो, थांबायलाही धाडस लागतं. हे कुठून सुचलं कोण जाणे, पण जमलंय.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

ग्रुप माळशेजला गेला. फोटो आले. ऊन फार दिसतंय.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

घोळ झालाय.

सत्कार माझा नाही. श्रद्धाचा आहे. उद्धवरावांनी पाकीट हातात दिलं, म्हणाले, वहिनींना द्या, बॅनर छापायला गेलाय. पाकिटात कार्ड. 'आपल्या पतीला दुचाकी चालवण्यापासून ठामपणे परावृत्त करणाऱ्या सौ. श्रद्धा बुद्धरत्न ओव्हाळ यांचा सत्कार.' ठामपणे!

पर्याय एक, उद्धवरावांना खरं सांगणं. पण बॅनर छापायला गेलाय. आणि बस आहे. रोज बसायचंय त्या बसमध्ये. पर्याय दोन, श्रद्धाला सांगणं. सांगणारच होतो. फोडणी तडतडत होती तेव्हा बरं दिसलं नसतं. जेवताना अण्णा होते. नंतर ती आईशी फोनवर. शेवटी एवढंच म्हणालो, मंगळवारी कंपनीत फॅमिली प्रोग्रॅम आहे, जेवण आहे, येशील का? चेहरा खुलला तिचा. इतक्या वर्षांत कंपनीने पहिल्यांदा बोलावलं, म्हणाली. रजा टाकते.

मंगळवारी कंपनी न्यायला गाडी पाठवणार आहे, तीत सांगणार. तसंही ती स्टेजवर काय बोलणार? बायका स्टेजवर धन्यवाद म्हणतात आणि खाली उतरतात.

कार्ड कपाटात, इन्शुरन्सच्या फाइलखाली.

मंगळवार, ४ मार्च. सकाळी

निळी साडी नेसली आहे. छान दिसते. खाली कंपनीची गाडी उभी आहे. ड्रायव्हरसमोर सांगता येणार नाही. उतरल्यावर सांगतो.

मंगळवार, ४ मार्च. संध्याकाळी

उतरल्यावर सांगायला वेळ मिळाला नाही, कारण बॅनर गेटलाच होता. त्यावर श्रद्धाचा फोटो, माझ्या व्हॉट्सॲपवरून घेतलेला. तिच्या बाजूला अर्धा मी होतो, मला कापलं होतं. श्रद्धाने बॅनर वाचला. परत पहिल्यापासून वाचला. मग सिक्युरिटीवाल्याकडे पाणी मागितलं. मी म्हणालो, अगं, हे उद्धवराव जरा अतिउत्साही आहेत. तिने ऐकलं की नाही माहीत नाही.

कँटीनमध्ये सगळा शॉप फ्लोअर बसलेला. शपथ झाली. उद्धवराव अर्धा तास बोलले, त्यात माझा अपघात सांगितला, कुत्र्यासकट. श्रद्धाने 'कुत्रं?' असं ओठांनी विचारलं. मी छताकडे बघितलं. शाल दिली, बुके दिला आणि उद्धवराव म्हणाले, वहिनींनी दोन शब्द बोलावेत.

म्हटलं, धन्यवाद म्हणेल.

तिने माइक हातात घेतला. जय भीम, नमस्कार म्हणाली. मग म्हणाली, बॅनरवर लिहिलंय मी ह्यांना थांबवलं. मी थांबवलेलं नाही. मी एकदाही नको म्हणाले नाही. हॉल हसला. उद्धवरावांना वाटलं विनोद केला, त्यांनी टाळी वाजवली. श्रद्धा म्हणाली, हे रोज झोपेत उजव्या पायाने ब्रेक दाबतात, माझ्या नडगीवर. माझी नडगी काळीनिळी पडली आहे. तेव्हा तर प्रेस शॉपवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. मी बुटाची लेस बांधायला वाकलो. बुटाला लेस नाही.

मग ती म्हणाली, मी नको म्हणाले असते तर ह्यांनी जन्मभर सांगितलं असतं की बायकोने गाडी सोडायला लावली. ते तर तसंही सांगून झालंय, आज कळलं. आणि चालवा म्हणाले असते आणि परत काही झालं असतं, तर मी. इथे ती थांबली. म्हणाली, म्हणून गप्प बसले. मला वाटलं हे ठरवतील. सहा वाजले की मी लॅबमध्ये फोनकडे बघत बसते. आता हे बसने येतात हे माहीत असतं, तरी बघते. तो कंटेनर थांबला नसता तर मला फोन कुणी केला असता, तेच डोक्यात येतं.

कोणी हसलं नाही. भांडी घासणाऱ्या मावशीसुद्धा नळ बंद करून उभ्या होत्या. श्रद्धाने डोळे पुसले, शालीनेच पुसले, आणि म्हणाली, आता सत्कार करूनच बसलात तर फुकटचा नको. इथेच म्हणून टाकते. अहो, नका चालवू.

माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. दोन महिने जे ऐकायला कान टवकारून बसलो होतो ते ऐकलं. खुर्चीत बसवेना.

जेवणात पुरी, बटाट्याची भाजी, जिलेबी. हात धुताना रोहिदास शेजारी आला. नळ मोठा सोडला आणि कानाशी येऊन विचारलं, तुझापण उजवाच पाय का रे? आणि उत्तर न ऐकता गेला. माळशेजचा ॲडमिन!

पण माणसाने किती वेळ मान खाली घालून बसायचं? चहापर्यंत सावरलो. तिघाचौघांना गाठून सांगितलं, बघितलंत ना, आता एवढ्या लोकांसमोर म्हणाली म्हटल्यावर आपल्याला मान राखावा लागतो. नाहीतर येत्या गुरुवारीच मी गाडी काढणार होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकंदर प्रकरण माझ्या बाजूने संपल्यासारखं वाटलं.

घरी आलो. अण्णा विहारात गेलेले. श्रद्धाने शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. मी गंभीर आवाज लावला. म्हणालो, तू म्हणालीस ना, सोडली गाडी. हौस होती माझी, पण तुझ्या शब्दापुढे काही नाही. ती म्हणाली, कुठला शब्द? ते मागे घेतलं मी. मी म्हणालो, म्हणजे? म्हणाली, तिथे एवढी माणसं होती, तुझी मान खाली गेलेली बघवेना म्हणून म्हणाले. राग तर असा आला होता की बुके डोक्यात घालावा. माझ्या नावावर गावभर खपवलंस, एकदा मला तरी विचारायचंस. आता इथे कोणी नाही. माझं नाव घेऊन सोडायची नाही. भीती वाटते का ते सांग. वाटत असेल तर सोड, नसेल तर ही घे. आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

मी म्हणालो, प्रश्न भीतीचा नाही, हँडल डावीकडे ओढतंय. ती उभी. म्हणालो, चेन. ती उभी. टँकर, रस्ते, शासन, सगळं म्हणून झालं. तिची साडी चुरगळली होती, पायात अजून चप्पल होती.

मग मी म्हणालो, वाटते. फार वाटते. बसमध्ये बसलो तरी शेजारून कंटेनर गेला की पुढच्या सीटची दांडी धरतो. त्या दिवशी मी त्याला पाणी पाजलं नाही, त्यानेच मला पाजलं, माझ्या हातात बाटली धरवत नव्हती.

लिहिताना हात जड होतोय, पण रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड.

मला वाटलं आता काहीतरी मोठं होणार. ती रडेल, नाहीतर मी तरी. ती म्हणाली, मग झालं. नाही चालवायची. किल्ली पर्समध्ये टाकली, माझ्या केसांतून एकदा हात फिरवला आणि आत गेली. एवढ्यात मिटलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, दूध संपलंय, आणतोस का? मी पिशवी घेतली. दारापर्यंत गेलो तर परत हाक आली. चालत जा.

दुकान सोसायटीच्या गेटलाच आहे. मी तसाही चालतच जाणार होतो.